दोरीपलीकडची खोली

७ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालायचा तर गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा हात जोडून भागवते. वहिनींच्या पाठीचं दुखणं कमी झालं का? मुलांना आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत.

फोन असताना पत्र कसलं, असं तुझ्या मनात येईल. पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि आपलं बोलणं संपतं. शिवाय मी फोनला हात लावला की आई शेजारी येऊन उभी राहते. तिच्याबद्दल तिच्यासमोर काय बोलणार? म्हणून हा जुना रस्ता धरला.

आमच्या वाचनालयात सध्या लगीनघाई चालू आहे. एका इंग्रज कादंबरीकार बाईंचा उत्सव मांडलाय, महिनाभराचा. त्या बाई जाऊन पिढ्या उलटल्या, पण त्यांची पुस्तकं लोक अजून नंबर लावून नेतात. आमच्या ग्रंथपाल बाईंच्या तर अंगातच आलंय. भाषणं, मुलांच्या चित्रस्पर्धा, जुन्या आवृत्त्यांचं प्रदर्शन आणि रोज दुपारी त्यांच्या कादंबरीच्या भाषांतराचं मोठ्यानं वाचन. पत्रिका छापण्यापासून सतरंज्या झटकेपर्यंत सगळं माझ्या गळ्यात. नेहमीचंच आहे, आपण होऊन पुढे होते आणि मग चडफडते.

उत्सवातली सगळ्यांत देखणी गोष्ट म्हणजे त्या कादंबरीकार बाईंची खोली. मोठ्या दालनाच्या कोपऱ्यात सुतारानं त्या काळातली बैठकीची खोली उभी केली आहे. तीन भिंती, आणि चौथ्या बाजूला जाड लाल दोरी. आत लिहायचं मेज, उंच पाठीची खुर्ची, विस्तव नसलेली शेकोटी आणि एक खिडकी. खिडकी अर्थात खोटी. तिच्यामागे कापडावर रंगवलेला रस्ता आहे आणि त्यामागे बल्ब, त्यामुळे तिथे कायम दुपार कलल्यासारखं वाटतं. खिडकीखाली एक ठेंगणं स्टूल. इतकं हुबेहूब झालंय की तिथे गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं वाटतं.

आता आईचा पराक्रम ऐक. दिवसा तिच्याजवळ बसणाऱ्या शेजारच्या मावशी लेकीकडे गेल्या आहेत, म्हणून आईला मी बरोबर कामावर नेते. ग्रंथपाल बाई काही म्हणाल्या नाहीत. पहिल्या दिवशी तिला वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसवलं आणि मी आत फोन घ्यायला गेले. परत येते तो खुर्ची रिकामी. मी दारापर्यंत पळत गेले, जिन्यावर बघितलं, रस्त्यावर बघितलं. आणि बाईसाहेब कुठे? दोरी ओलांडून त्या खोलीतल्या उंच खुर्चीत, शाल लपेटून, अगदी घरच्यासारख्या. बाहेर ही गर्दी. लोकांना वाटलं, हाही उत्सवाचाच भाग. एकानं विचारलं, आजी, तुम्ही कोण? तर म्हणाली, मी इथे राहते. लोक हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, राहू द्या, फार छान दिसतंय.

तेव्हापासून रोज तिथेच बसते. म्हातारपणी आपली आई नटी झाली म्हणायची.

बाकी तिचं खाणंपिणं ठीक. माझ्यावर कधीकधी जरा रुसल्यासारखी असते, पण ते वयच आहे. या महिन्यात जमलं तर एक चक्कर टाक. जमलं तर म्हणतेय, ओझं वाटून घेऊ नकोस.

तुझी,
छबू


१९ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. पत्राचं उत्तर आलं नाही आणि फोनवर तू नेहमीप्रमाणे "बरं" म्हणालास. तरी पुन्हा लिहितेय, कारण मला तुला काही विचारायचं आहे. ते शेवटी विचारीन. आधीच विचारलं तर तू पत्र मिटून ठेवशील.

आमच्या वाचनाला एक जुने नट येतात. रंगभूमी सोडून बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून खणखणीत. आम्ही त्यांना नटवर्य म्हणतो, अर्धं आदरानं, अर्धं थट्टेनं. ते त्या खोलीत उभे राहून वाचतात, खिडकीकडे पाठ करून. मागे खुर्चीत आई, समोर दोरीपलीकडे श्रोते. वाचताना ते मधेच थांबतात. वाक्य अर्धं सोडतात, मान खाली घालतात, जरा वेळानं पुढे वाचतात. मला वाटायचं, ही त्यांची रंगमंचावरची सवय असणार. लोकही त्या वेळी श्वास रोखून बसायचे.

गेल्या आठवड्यात ते वाचन संपल्यावर माझ्या टेबलाशी आले. चेहरा त्रासलेला. म्हणाले, मुलीला बरं नसताना तुम्ही इथे का आणता?

मी विचारलं, "कुठल्या मुलीला?"

"आजींच्या जवळ बसते ती. तुमचीच ना? वाचणाऱ्यानं मागे वळून बघू नये, म्हणून मी बघत नाही. पण मला कान आहेत. खोकला छातीतला आहे. घरी ठेवा तिला."

दादा, मला मूल नाही हे सगळ्या वाचनालयाला ठाऊक आहे, पण ते बिचारे बाहेरचे. मी म्हटलं, तिथे कुणी मुलगी बसत नाही. ते माझ्याकडे बघून कसनुसं हसले, मी काहीतरी लपवतेय असं वाटलं असावं, आणि छत्री घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. नाचाचा प्रसंग चालू होता. नटवर्य थांबले. मला काहीच ऐकू आलं नाही, वरचा पंखा तेवढा. मी आईकडे बघितलं. ती खुर्चीतून वाकली होती आणि तिचा हात स्टुलाच्या वर, हवेत, खालीवर फिरत होता. लहान मुलाची पाठ चोळावी तसा. बरोबर तेवढ्या उंचीवर. माझ्या मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून खोकल्याची गोळी काढली आणि दोरीवरून पुढे केली. विचारलं नाही, बोलल्या नाहीत, सहज केली. आईनं घेतली आणि स्टुलाकडे वळून म्हणाली, घे गं. नटवर्य पुढे वाचू लागले.

सकाळी झाडणारीला स्टुलाखाली गोळीचा कागद सापडला. आईनंच खाल्ली असणार. दुसरं कोण खाणार?

इथपर्यंत मी मनाची समजूत घातली होती. नटवर्यांचं वय झालंय, आईचं झालंय, त्या बाई भल्या असतील. पण परवा मी चहा घेऊन दोरीशी उभी होते, तेव्हा आई म्हणाली, "छबू, खिडकीत बसू नको. वारा लागतो."

मी म्हटलं, आई, मी इकडे आहे.

तिनं माझ्याकडे बघितलं. दारावर आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं, सभ्यपणे. म्हणाली, "तुम्हाला नाही हो. मी हिला म्हणतेय."

दादा, गेल्या पत्रात मी लिहिलं की आई माझ्यावर रुसते. खोटं लिहिलं. रुसली तर बरंच होईल, रुसायला ओळख लागते. गेले कित्येक महिने आई मला ओळखत नाही. सकाळी उठल्यावर विचारते, तुमचं काय काम आहे? मी म्हणते, चहा द्यायला आले. मग म्हणते, बसा ना. हे तुला कळवलं नाही, कारण कळवलं की ते खरं झालं असतं. आणि तू आला नसतास तर तेही एक कळलं असतं.

तिनं मला विसरावं, हे मी सोसायला शिकलेय. पण माझ्या नावानं ती हाक मारतेय कुणाला?

म्हणून काल दुपारी, दालनात कुणी नव्हतं तेव्हा, मी दोरीच्या अलीकडे खुर्ची घेऊन बसले आणि परकीच होऊन विचारलं, हिला कितवं वर्ष? म्हणाली, चौथं. आणखी मुलं आहेत का? एक मोठा आहे, शाळेत जातो. हिच्याजवळ बसायला सांगितलं की पळतो खेळायला. मी विचारलं, आणि धाकटं कुणी?

"नाही. दोघंच."

इतकं स्वच्छ बोलली की मला क्षणभर तिचा हेवा वाटला. दोघंच. त्यातला मोठा तू. मी चार वर्षांची होते तेव्हा तू तेरा वर्षांचा घोडा होतास, तुला कुणी माझ्याजवळ बसवत नव्हतं. हिशेब जुळत नाही दादा. माझ्या आधी कुणी होतं का? तुला माहीत असेल तर सांग. नसेल तर तसं सांग, पण "बरं" म्हणू नकोस.

उत्सवाला गर्दी लोटतेय. वर्तमानपत्रात आईचं कौतुक छापून आलंय, "खोलीतल्या आजी" म्हणून. ग्रंथपाल बाई मुदत वाढवायच्या विचारात आहेत. मी आईला तिथे बसवणं बंद करायला हवं, हे मला समजतं. पण घरी ती दिवसभर दाराची कडी चाचपत उभी असते, आणि तिथे ताटभर जेवते, हसते, गुणगुणते. मी काय करू?

तुझी बहीण


२ डिसेंबर

ती. दादास,

नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. फाटकातच वाचलं आणि तिथल्याच पायरीवर बसले. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. तू एकच ओळ लिहिलीस, "अजून खोकते का?"

कोण खोकते, हे विचारलं नाहीस.

मग मी ऑफिसातून तुला फोन केला आणि तू बोललास. इतकं सलग तू माझ्याशी जन्मात बोलला नव्हतास. जे सांगितलंस ते इथे पुन्हा लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझं मन ते धरत नाही. तू सात वर्षांचा होतास, ती चार. आपलं आधीचं भाड्याचं घर, रस्त्यावरची खिडकी, तिथे ती दिवसभर बसायची. खोकला आठवडाभरात छातीत उतरला. ती गेली त्याच दिवशी बाबांनी घरमालकाला किल्ली परत दिली आणि आईला अक्षरशः ओढत बाहेर काढलं. तिचं नाव काढायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. दोन वर्षांनी मी झाले. बाबा नको नको म्हणत असताना आईनं मला त्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली, आणि बाबांनी मग मला कधीच नावानं हाक मारली नाही. "अगं" म्हणायचे. मला वाटायचं, त्यांचा स्वभावच तसा.

आणि तू म्हणालास की त्या दुपारी तुला तिच्याजवळ बसायला सांगितलं होतं. दादा, सात वर्षांचं पोर होतास. एवढंच म्हणते, आणि पुन्हा तो विषय काढत नाही.

उत्सव परवा संपला. मी हट्ट करून मुदत वाढू दिली नाही. शेवटचं वाचन झालं, नटवर्यांना शाल दिली. जाताना ते माझ्याजवळ थांबले आणि हळूच म्हणाले, आज फार खोकली हो. मी मान हलवली.

लोक गेल्यावर सुतार त्याचे दोन गडी घेऊन खोली उतरवायला आला. ऊन अजून होतं. त्यानं आधी खिडकीमागचं कापड काढलं. रंगवलेला रस्ता गुंडाळला गेला आणि मागचा बल्ब उघडा पडला. आईनं डोळ्यांवर हात धरला, पण खुर्चीतून उठली नाही. ग्रंथपाल बाईंनी समजावलं, सुतारानं आजी आजी करून बघितलं. मग एक गडी म्हणाला, खुर्चीसकट उचलू या. त्यावर आई अगदी शांतपणे, मोजक्या शब्दांत बोलली.

"एकदा हिला ठेवून गेले मी. यांनी ओढून नेलं. आता नाही यायची."

गडी मागे सरले. ग्रंथपाल बाई माझ्याकडे बघायला लागल्या, आता तुम्हीच काय ते करा, अशा. मी आईची मुलगी आहे ना. आणि मला एकदम दिसलं, दादा, की आता मी जे करणार ते म्हणजे बाबांनी केलं तेच. दंडाला धरायचं आणि ओढायचं. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

इतके दिवस मी ती दोरी ओलांडली नव्हती. चहासुद्धा वरून द्यायचे. त्या दिवशी ओलांडली. आईकडे गेले नाही, स्टुलासमोर खाली बसले. गुडघे कुरकुरले. आणि म्हटलं, "छबू, चल. आपण सगळ्या घरी जाऊ."

आपल्याच नावानं आपल्याच तोंडानं दुसऱ्या कुणाला हाक मारायची, हे कसं असतं ते मला लिहिता येणार नाही. मी हात पुढे केला. हातात काय आलं ते मला विचारू नकोस. सुतार पकड हातात धरून तसाच उभा होता. कुणी हसलं नाही. आई उठली, तिनं आपली शाल काढली, खाली वाकून झटकली आणि लपेटल्यासारखी केली, पण शाल तिच्याच दंडावर लोंबत राहिली.

आम्ही चालत घरी आलो. आईच्या आणि माझ्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. तिनं ती राखली, मीही राखली. पुलाजवळ समोरून एक माणूस पिशव्या घेऊन येत होता. त्या मोकळ्या जागेतून तो सहज निघून गेला असता. पण तो फुटपाथवरून खाली उतरला, आम्हाला वाट दिली आणि आम्ही पुढे गेल्यावर वर चढला.

आई आता बरी आहे. हे मागच्यासारखं लिहीत नाही, खरंच बरी आहे. दाराशी उभी राहत नाही. गाढ झोपते. काल माझ्याकडे बोट दाखवून खाली बघत म्हणाली, या बाई इथेच असतात, चांगल्या आहेत, त्यांना त्रास द्यायचा नाही. दादा, मला हसूही आलं आणि नंतर बराच वेळ मी कपडे वाळत घालत राहिले, सुकलेलेसुद्धा.

खोकला मला आता ऐकू येतो. वाचनालयात कधीच आला नव्हता. घरी येतो, दिवसाढवळ्या, समोरच्या खोलीच्या खिडकीकडून. खिडकी लावून घेतली की कमी होतो. मी औषधाच्या दुकानात जाऊन लहान मुलाचं खोकल्याचं औषध मागितलं. दुकानदारानं वय विचारलं. मी चार सांगितलं, आणि सांगताना जराही अडखळले नाही. आई ते चमच्यानं देते. बाटली उतरत चाललीय. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते. बघायला गेले नाही, आणि जाणारही नाही.

हे सगळं सोसेन मी. वेड म्हण, म्हाताऱ्या आईच्या नादी लागणं म्हण. पण एक गोष्ट तुला सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. आई दिवसातून कितीदा तरी "छबू" म्हणून हाक मारते. पन्नास वर्षांची सवय, माझ्या तोंडून ओ निघून जायची. मग ठरवलं की ही हाक माझी नाही, आपण गप्प राहायचं. काल दुपारी आईनं समोरच्या खोलीतून हाक मारली. मी मोरीत हात धुत होते. ओठ मिटून उभी राहिले.

ओ आली.

तू ये दादा. आईसाठी म्हणत नाही, तिला आता काही कमी नाही. तुला मात्र ती नक्की ओळखेल, तू तिच्या हिशेबात अजून शाळेतच आहेस. आलास तर कदाचित तुला खिडकीजवळ बसायला सांगेल. बसशील ना? तुझ्यासाठीही ते बरं होईल, असं मला वाटतं. पण मुख्य म्हणजे माझ्यासाठी ये. या घरात मला ओळखणारं एक तरी माणूस असावं.

आणि येशील तेव्हा दारातून नेहमीसारखी नावानं हाक मारू नकोस. नाव घेतलंस तर दारात कोण येईल, हे मला आता सांगता येत नाही. नुसतं "धाकटे" म्हण. म्हणजे मला कळेल, मला बोलावलंस.

वहिनींना नमस्कार.

वाट बघणारी,
तुझी धाकटी